ठेवणीतली बाटली

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी सकाळी मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून ती बाटली काढली आणि डायनिंग टेबलवर उभी करून ठेवली. आता यात काय विशेष असं वाटेल, पण ती बाटली गेली सत्तावीस वर्षं आडवी होती. जुनी व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाची, बाटलीत मुरणारी गोड, कडक पोर्तुगीज वाइन, उघडायची असेल तर आदल्या दिवशी उभी करावी लागते, म्हणजे आतला गाळ हळूहळू खाली बुडाशी बसतो, आणि म्हणूनच बाटली उभी करणं म्हणजे एका अर्थी निर्णय झाला. मला ते माहीत होतं, त्यामुळे दुपारपर्यंत मी तीन वेळा ती परत आडवी करायला गेलो. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, अरे हलवू नकोस ना तिला, गाळ ढवळतोय, आणि मी हात मागे घेतला.

बाटली ग्रॅहम या पोर्ट करणाऱ्या कंपनीची, वर्ष 1994. काच इतकी गडद की उजेडाला धरल्याशिवाय आत काही आहे की नाही ते कळत नाही. एका अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटचा बोटाएवढा ठिपका. तो ठिपका कंपनीचा नाही, आमच्या इंग्लंडमधल्या, लीड्सच्या शेजारच्या आजोबांनी स्वतः ब्रशने लावलेला. पूर्वी तळघरात ठेवलेल्या पोर्टच्या बाटल्यांवर चुन्याचा किंवा रंगाचा असा फराटा मारायचे, ती बाजू कायम वर. बाटली एका जागेवरून दुसरीकडे नेली तरी पुढच्या माणसाने ठिपका वर ठेवूनच आडवी करायची, म्हणजे गाळाची खपली खालच्या बाजूला जिथे धरलीय तिथेच राहते. त्यांनी मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, पण माझ्या डोक्यात फार काही शिरलं नव्हतं.

आम्ही दोघंही डॉक्टर, तिकडे नोकरीला होतो. विटांच्या घरांची एक लांबच लांब रांग, मधली भिंत कॉमन, आणि त्या भिंतीपलीकडे हे आजोबा-आजी, दोघंही रिटायर्ड शिक्षक, मूलबाळ नाही. आमची लेक 1994 च्या सप्टेंबरात झाली. माझ्या आईला व्हिसा मिळायला उशीर झाला आणि पहिले सहा आठवडे घरात मोठं माणूस असं कुणी नव्हतंच. त्या दिवसांत त्या आजींनी रोज दुपारी दोन तास बाळाला मांडीवर घेतलं म्हणून बायकोला झोप मिळाली, हे मी आयुष्यात विसरणार नाही. लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसाला आजोबा बाटली घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जन्मसालाची पोर्ट घेऊन ठेवायची आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की उघडायची, ही तिकडची जुनी रीत. पण रीत पाळायची म्हटलं तरी मुलाचं जन्मसाल तसं निघावं लागतं, कारण व्हिंटेज पोर्ट दरवर्षी होत नाही. वर्ष खरंच चांगलं गेलं असं वाटलं तरच कंपन्या ते जाहीर करतात, दहा वर्षांत साधारण तीनदा. 1994 हे जवळजवळ सगळ्यांनी जाहीर केलेलं, फार नावाजलेलं वर्ष. आजोबा म्हणाले, तुमच्या मुलीने वर्ष बरोबर निवडलं.

मला तेव्हा पोर्ट म्हणजे गोव्याला मिळते ती स्वस्त, गोड, काकवीसारखी वाइन एवढंच माहीत होतं. कॉलेजच्या ट्रिपमध्ये पणजीला घेतलेली. त्या नावाचा उगम पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, गोव्यात ते साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीतून आलेलं, आणि खरी पोर्ट फक्त दोरू नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची, हे सगळं मला नंतर कळलं. त्या खोऱ्याची हद्द 1756 साली पोर्तुगालचा कारभारी मार्केस दि पोंबाल याने ठरवून दिली, ग्रॅनाइटचे खांब रोवून, त्यातले काही खांब अजून उभे आहेत.

2003 मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. सामान कंटेनरने आलं, पुस्तकं, लेकीची सायकल, आणि टॉवेलांच्या घड्यांमध्ये ही बाटली. फ्लॅट टॉपफ्लोअरचा होता. घरात सासूबाई असायच्या, समोर बाटली नको म्हणून मी ती चादरींच्या मागे माळ्यावर ठेवली, ठिपका वर करून, हो, तेवढं आठवणीने केलं. पण माळा म्हणजे स्लॅबच्या खाली दीड फुटावर. पुण्याचा एप्रिल-मे, दुपारी चाळीसच्या वर पारा, आणि रात्री अकरालासुद्धा वरच्या स्लॅबला हात लावला तर गरम. अशा सात उन्हाळ्यांत ती बाटली तिथे पडून होती. पोर्टला लागतं बारा-चौदा डिग्री, अंधार, आणि वर्षभर तसंच. हे मी 2010 मध्ये कुठेतरी वाचलं आणि त्या रात्री स्टूलवर चढून चादरी उपसल्या. तेव्हापासून ती बेडरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, तळाला, जुन्या रजईत गुंडाळून.

आजोबा 2006 मध्येच गेले होते. त्यांच्या भाचीचं पत्र आलं होतं.

2015 मध्ये लेक एकवीस वर्षांची झाली. ती होस्टेलवर, सबमिशनं चालू, मी म्हटलं आत्ता नको, डिग्री हातात आली की निवांत उघडू. डिग्री आली तर लगेच नोकरी लागून ती बंगळूरला गेली. मग आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला, तेव्हा वाटलं हा तर आपला दिवस, बाटली तिची आहे. बरं, ही बाटली एकदा उघडली की ठेवता येत नाही, दुसऱ्या दिवशीच उतरायला लागते, आणि तिकडच्या लहान ग्लासांच्या हिशोबाने एका बाटलीत दहा जणांचं भागतं, म्हणजे पिणारी, चवीने पिणारी दहा माणसं एका वेळी घरात हवीत. आमच्या घरात पिणारे मुळात अडीच. 2021 च्या जानेवारीत तिचं लग्न झालं, रजिस्टर, मास्क लावून मोजकी माणसं, आणि घरी येऊन बायकोने केलेला साखरभात. त्या रात्री मी कपाट उघडून बाटलीकडे बघितलं आणि मला वाटलं, एवढ्याशा समारंभात नको, नंतर मोठं रिसेप्शन करू तेव्हा काढू. रिसेप्शन झालंच नाही.

आपल्याकडे ठेवणीतलं हा शब्द आहे ना, मला तो फार आवडतो. ठेवणीतली साडी, ठेवणीतली चांदीची ताटं, ठेवणीतला आवाजसुद्धा. माझ्या आईची एक पैठणी होती, तिच्या लग्नातली, मोरपंखी रंगाची. वर्षातून एकदा ती ट्रंकेतून बाहेर यायची, उन्हात नाही, सावलीत वारा द्यायचा, हात फिरवायचा, परत मऊ कापडात गुंडाळून आत. नेसायला काढायची म्हटलं की आई म्हणायची, मोठं कार्य निघू दे. माझ्या लग्नात तिने ती नेसायला घेतली आणि निरी घालताना घडीच्या रेषेवर कापड चर्रकन गेलं, मग दुसऱ्या घडीवर, मग तिसऱ्या. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की घडीवर तुटतं, जरीच्या काठाशी आधी. आईने तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, दुसरी साडी नेसली आणि बाहेर आली. मी मुंडावळ्या बांधून दारात उभा होतो म्हणून मला दिसलं.

त्या उलट आईचंच लोणचं. वर्षाचं लोणचं तीन महिने कुणाला चाखू द्यायची नाही, मुरू दे म्हणायची. म्हणजे ठेवल्यामुळे काही गोष्टी विरतात आणि काही मुरतात, आणि मुरणाऱ्या गोष्टींनासुद्धा एक वेळ असते, ती गेली की लोणच्याची फोड लिबलिबीत होते. ही बाटली मुरतेय की विरतेय हे मला वर्षानुवर्षं कळत नव्हतं. मी मात्र मुरतेय असंच धरून चाललो होतो, कारण तसं धरलं की काही ठरवावं लागत नव्हतं.

2018 मध्ये आम्ही दोघं पोर्तुगालला जाऊन आलो, खरं सांगायचं तर मी त्या बाटलीसाठीच गेलो होतो. पोर्तोहून दोरूच्या काठाकाठाने रेल्वे जाते, पिन्यांव नावाचं छोटं स्टेशन लागतं, त्याच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, पाटीत द्राक्षं घेतलेल्या बायका, बोटीवर पिंपं चढवणारी माणसं. स्टेशनबाहेर आलो आणि समोर डोंगरच्या डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी बांधून काढलेले. माझं आजोळ तासगावकडचं, मामाची द्राक्षबाग, लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मांडवाखाली गेल्या, त्यामुळे बाग बघितली की माझे हात आपोआप घडाकडे जातात. मामाची बाग तास-ए-गणेश जातीची, मणी लांब व्हावा, फुगावा म्हणून घड औषधात बुडवायचे, विरळणी करायचे, पाण्याचा हिशोब मिनिटांत. इथे बघतो तर मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बियाच बिया, आणि जमीन म्हणजे नुसत्या पाटीच्या दगडाच्या चिपा. माती नाहीच. त्या चिपांच्या फटींतून मुळं कित्येक फूट खाली पाणी शोधत जातात. तौरिगा नासिओनाल ही तिथली मानाची जात, वेलीला माल एवढा कमी की मामा म्हणाला असता ही बाग काढून टाका.

पण त्या बारीक मण्यातच सगळं आहे. द्राक्षं ग्रॅनाइटच्या बुटक्या हौदात घालतात आणि माणसं मांडीपर्यंतच्या रसात उतरून पायाने तुडवतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, ओळीने, एक दोन, एक दोन, दोन तास. दगडाने किंवा लोखंडाने बी फुटली तर कडवटपणा उतरतो, पायाने फुटत नाही. आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी मशीन आलंय, पण काही जागी अजून पाय चालतात. रस आंबायला लागतो, आणि साखर अर्धीअधिक संपली की तो थांबवतात, सत्त्याहत्तर टक्क्यांचा द्राक्षाचा स्पिरिट ओतून. साडेपाचशे लिटरच्या पिंपाला साधारण एकशे पंधरा लिटर. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच आत राहते, म्हणून पोर्ट गोड आणि म्हणूनच वीस टक्क्यांच्या आसपास कडक. आणि म्हणूनच ती टिकते. नेहमीच्या वाइनसारखी पाच-दहा वर्षांत संपत नाही.

नदीच्या तोंडाशी, पोर्तोच्या समोरच्या काठावर, विला नोव्हा दि गाया, तिथे सगळ्या कंपन्यांची गोदामं. आत गेलं की थंड, ओलसर, लाकडाचा आणि सुक्या अंजिराचा वास. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की पोर्ट दोन रस्त्यांनी म्हातारी होते. टॉनी पोर्ट लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहते, दहा, वीस, चाळीस, हळूहळू हवा लागते, रंग चहासारखा होतो, आणि बाटलीत भरली की तिचं वाढणं संपलं, ती आणून ठेवण्यात काही अर्थ नाही, प्यायचीच. व्हिंटेज उलट. दोन-अडीच वर्षं लाकडात, न गाळता बाटलीत, आणि पुढची वीस-तीस-पन्नास वर्षं त्या काचेतच आतल्या आत. आपल्याकडे कुणाच्या कपाटात जुनी पोर्ट असेल तर आधी हे बघावं, लेबलवर टॉनी, रुबी किंवा नुसतंच रिझर्व्ह लिहिलं असेल आणि प्लॅस्टिकच्या टोपीचं छोटं बूच असेल तर ती ठेवायची बाटलीच नाही, आज उघडा. ठेवण्याचा प्रश्न मुख्यतः व्हिंटेजचा. तिथल्या एका वयस्कर माणसाला, जो आम्हाला फिरवत होता, मी माझ्या बाटलीचं सांगितलं, 1994, ग्रॅहम, त्याचे डोळे चमकले. मग त्याने विचारलं, कुठे ठेवलीत? मी माळ्याचं सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, मानेतली पातळी बघा, बुचाखाली चिकटपणा आलाय का बघा, आणि फार वाट बघू नका. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

परत आल्यावर बघितलं. बाटलीच्या मागे टॉर्च धरला, बायकोने लाइट घालवले. उष्णतेने आतली वाइन फुगते, बुचाला ढकलते, गार झाली की आखडते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते, असं प्रत्येक उन्हाळ्यात. पातळी मानेतून खाली, खांद्याच्या वरच्या वळणापर्यंत आली होती. बुचावरची कॅप्सूल, म्हणजे वरचं पातळ वेष्टण, सहज फिरायला हवी ती एका बाजूला चिकटलेली, नखाने खरवडलं तर काळपट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी निघालं. म्हणजे थोडी झिरपली होती. तरी मी सहा वर्षं काही केलं नाही. मला ते स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं, पण आता वाटतं की उघडली आणि खराब निघाली तर आजोबांचं शेवटचं काहीतरी माझ्या हातून वाया गेलं हे सिद्ध झालं असतं. बंद होती तोवर ती चांगलीच होती.

नोव्हेंबरात लेकीशी फोनवर बोलताना सहज विषय निघाला. मी सगळं सांगितलं, पातळी, चिकटपणा, तिचा एकविसावा, लग्न, रिसेप्शन. म्हटलं ठरत नाहीये, उघडावी की अजून एखादं मोठं कारण बघावं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, ती माझी बाटली आहे ना? मग मला कधी विचारलं का नाहीस?"

मी काय उत्तर देणार. सत्तावीस वर्षं मी तिच्यासाठी ती सांभाळत होतो आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या प्रत्येक दिवसाला मी माझ्या मनात मार्क देत होतो, हा पुरेसा मोठा नाही, हासुद्धा नाही. तिच्या लग्नाचा दिवस मी बाटलीच्या मानाने लहान धरला. ते तिला लागलं, आवाजात कळलं. ती म्हणाली, डिसेंबरात येतेय, तेव्हा उघडू, कारण काही नाही, मी घरी येतेय.

म्हणून ती शनिवारी उभी केलेली बाटली. रविवारी संध्याकाळी लेक, जावई, बायको, माझा भाऊ-वहिनी, समोरच्या ब्लॉकमधले दोघं, आणि आई. आई आता शहाऐंशी, डोळ्यांनी कमी दिसतं. ती अर्थातच घेणार नव्हती, पण "इंग्रज आजोबांची बाटली" उघडणार म्हणून खुर्ची पुढे ओढून बसली. बूच लेकीने काढलं. स्क्रू फिरवला तसं ते मऊ, ओल्या केकसारखं, अर्धं वर आलं आणि अर्धं मानेत राहिलं. तिकडे अशा जुन्या बाटल्यांची मान तापवलेल्या लोखंडी चिमट्याने धरून, मग ओलं फडकं लावून बुचाखालून तडकवतात, मी गायाला बघितलं होतं, पण आमच्याकडे कुठला चिमटा. उरलेलं बूच चमच्याच्या दांड्याने हळूच आत ढकललं. गाळायला चक्का टांगायचं मलमलचं फडकं, बायकोने साबण न लावता पाच पाण्यांतून काढलेलं, काचेच्या जगवर धरलं. मी मानेखाली टॉर्च धरला, लेक ओतत गेली, एका धारेत, न थांबता. आधी स्वच्छ लाल, मग काठाला विटकरी, आणि शेवटी मानेच्या वळणावर गाळाचा काळा पदर सरकताना दिसला तेव्हा मी बस म्हटलं, तिने हात थांबवला. आत दोनेक बोटं राहिली, फडक्यावर बुचाचे कण आणि चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.

पहिला घोट मला लागला तो नुसता गोड आणि थकलेला. माझं तोंड उतरलं असणार. लेक म्हणाली थांब. अर्ध्या तासाने परत ग्लास नाकाशी नेला तर बरंच काही बदललं होतं, मनुका, सुकं अंजीर, कोको, आणि मागे कुठेतरी अजून ताज्या फळाचा एक बारीक धागा. उन्हाने तिला वयाच्या पुढे नेलं होतं यात शंका नाही, थंड तळघरात राहिली असती तर तीस वर्षांची 1994 अजून भरात असते. 2015 ला उघडली असती तर त्या फळाचं बरंच काही मिळालं असतं. त्याचं मला वाईट वाटलं, आत्ताही वाटतंय. पण ती मेलेली नव्हती. जावयाने दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला.

आजोबांनी आम्हाला शिकवलं होतं की पोर्ट टेबलावर नेहमी डावीकडच्या माणसाकडे सरकवायची, उलटी कधी नाही. लेक जग हातात घेऊन हे सगळ्यांना सांगत होती, तर वहिनी म्हणाली, म्हणजे प्रदक्षिणाच की. खरंच, डावीकडे डावीकडे करत जग देवाला घालतात तसाच फिरत होता. फिरत फिरत तो आईपाशी आला. मी घ्यायला हात पुढे केला, पण तिने दोन्ही हातांनी जग धरला, तोंडाशी नाही, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"हा आमच्या तासगावचा वास आहे," ती म्हणाली. "बेदाण्याच्या शेडचा. जाळीवर दहाव्या-अकराव्या दिवशी असाच यायचा." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "कुठल्या गावची द्राक्षं म्हणालास?"

लेकीने तिच्या जवळ बसून सांगितलं, दोरू, आजी, नदीचं नाव आहे. आईने जग आणखी थोडा वेळ धरून ठेवला आणि मग डावीकडे दिला.